सत्तरीच्या रानात जायचंय? आधी वही घेऊन बसा

त्या झाडाचं ठिकाण मी इथं लिहिणार नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी ते आहे, एवढंच सांगते. खोडावर बरंच उंच एक ढोली आहे. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मलबारी कवड्या धनेशाची मादी त्या ढोलीत शिरते आणि स्वतःला आत कोंडून घेते. स्वतःच्याच विष्ठेनं ती ढोलीचं तोंड लिंपते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. पुढचे दोन महिने आणि वर काही दिवस तिचं आणि पिल्लांचं खाणंपिणं नराच्या फेऱ्यांवर अवलंबून असतं.

अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी तिथं बावीस जणांना घेऊन गेले होते. मी वाळपईची, शाळेत विज्ञान शिकवते. त्या वेळी माझे माजी विद्यार्थी आणि त्यांचे पालक सोबत होते. आम्ही झाडाखालीच उभे राहिलो. नर आला, समोरच्या काठावरच्या फांदीवर बसला. गळा फळांनी भरलेला दिसत होता. त्यानं मान वाकडी करून खाली बघितलं आणि तसाच बसून राहिला. आम्ही कुजबुजत होतो, कॅमेरे चालू होते, एका मुलाच्या हातात वेफर्सचं पाकीट चुरचुरत होतं. पाऊण तास असाच गेला. मग तो फळं तशीच गळ्यात घेऊन उडून गेला. मला हे रान ज्यांनी दाखवलं ते काका बाजूला उभे होते. हळूच म्हणाले, "बाय, तो आमकां भियेता." तो आपल्याला घाबरतोय.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तिथं उभी असताना मी वेगळं काय करू शकले असते? सगळ्यांना गप्प बसवता आलं असतं, पण बावीस माणसं झाडाआड कशी लपवणार? मग लक्षात आलं की चूक रानात झालीच नव्हती. ती तीन आठवडे आधी, माझ्या जेवणाच्या टेबलावर, वहीत बाविसावं नाव लिहिताना झाली होती. माणसं किती, महिना कोणता, सोबत कोण, किती वाजता परतायचं, हे घरी ठरतं. रानाला आपला त्रास होणार की नाही, याचा बराचसा निकाल तिथंच लागलेला असतो. म्हणून ही वाट दाखवताना मी वहीपासूनच सुरुवात करते.

आकडा

माझा आकडा सहा. वाटाड्या धरून सात. यामागं साधा हिशेब आहे. आमच्याकडच्या पायवाटा एका माणसाच्या रुंदीच्या असतात. सहा जण एका ओळीत चालले की पुढच्यानं हात वर केल्यावर मागच्याला तो दिसतो आणि कुणाला ओरडावं लागत नाही. पानावर बसलेला बेडूक बघायला सहा जण वाटेवरच उभे राहून आळीपाळीनं वाकू शकतात. दहा झाले की चार जण हमखास वाट सोडून बाजूच्या पाचोळ्यात पाय टाकतात. तिथं काय बसलंय ते त्यांना माहीत नसतं. शिवाय सहा माणसं एका गाडीत मावतात. नावं जास्त आली तर मी दोन तारखा करते. लोक थोडे नाराज होतात, पण होऊ द्यावं.

मुलांना जरूर न्या, दहाच्या पुढची असली तर. ती जमिनीजवळ असतात, त्यांना आपल्याआधी दिसतं.

येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: काय बघायला येताय? उत्तर "वाघ" असेल तर त्यांना समजावून सांगा. म्हादईच्या खोऱ्यात वाघ आहे, आमच्या गावांत वाघ्रो म्हणून त्याला पुजतात. आणि याच खोऱ्यात, गोळावलीजवळ, २०२० च्या जानेवारीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेनं मेले. त्या बातमीनं आम्ही सगळे हादरलो होतो. ज्यांची गाय वाघानं मारली त्यांचं दुःख आणि मेलेल्या वाघिणीचं दुःख एकाच खोऱ्यातलं आहे. तिथं वाघाच्या फोटोसाठी गाडीभर माणसं नेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. आणि दाट सदाहरित रानात नजर पंधरा पावलांपलीकडे जातच नाही. इथं बघायचं ते लहान असतं: बेडूक, चापडा (झाडावर राहणारा विषारी साप), कोळी, अळंबी, झाडाच्या ढोल्या. ज्याला हे चालतं त्यानं यावं.

महिना

पहिल्यांदा येणाऱ्याला मी नोव्हेंबर सुचवते. ओढे वाहत असतात पण अंगावर येत नाहीत, जळवा कमी झालेल्या असतात आणि गोचिडांचे दिवस अजून लागायचे असतात.

जून ते सप्टेंबर हे बेडकांचे महिने. मलबारी उडत्या बेडकाची मादी पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचं घरटं करते. त्यात अंडी असतात. पिल्लं तयार झाली की फेस विरघळून ती थेट खालच्या डबक्यात पडतात. म्हणून डबक्यावर ओणवलेली फांदी वाटेत आली तरी तोडू नका, वाकवूही नका. फांदी हलून जरा बाजूला गेली तर पिल्लं कोरड्या दगडावर पडतील. पावसाळ्यात मी फक्त अर्ध्या दिवसाचा बेत करते आणि धबधबा वगळते. २०२३ च्या जुलैत बुडून मृत्यू झाल्यावर वनखात्यानं अभयारण्यातल्या धबधब्यांवर जाणं बंद केलं होतं. पुढच्या वर्षांत नियम बदलत राहिले. निघायच्या आधी त्या आठवड्यातला नियम रेंज ऑफिसात विचारा. ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज जड झाला, तर वर घाटात पाऊस कोसळलेला आहे असं समजा आणि लगेच काठ चढा. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरीही.

दूधसागरला रुळांवरून चालत जायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडून द्या. रेल्वेनं त्याला मनाई केली आहे आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते.

डिसेंबरपासून पाऊस लागेपर्यंत सत्तरीत माकडतापाची काळजी घ्यावी लागते. या तापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. आमच्या तालुक्यात रुग्ण आढळायला लागले ते २०१५ मध्ये, पाळी गावापासून. तो गोचिडांमधून येतो. त्या महिन्यांत रानात जायचं तर पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली आणि पाचोळ्यावर अजिबात बसायचं नाही. घरी आल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात टाका, साबणानं अंघोळ करा, कानामागं, काखेत, गुडघ्यामागं गोचीड बघा. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनरक्षकाला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. आठवडाभरात जोराचा ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरला "मी सत्तरीच्या रानात गेले होते" हे पहिल्या वाक्यात सांगा.

मार्च-एप्रिलमध्ये रान वाळलेलं असतं. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यातले डोंगर दिवसेंदिवस जळत होते, वाळपईतून रात्री लाल रेघ दिसायची. तेव्हापासून माझ्या गटात विडी-सिगारेट, चूल, चहासाठीचा छोटा गॅससुद्धा नाही. थर्मासमधून न्या.

परवानगी आणि जागा

गोव्यात सहा अभयारण्यं आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे. रानात चालायचं तर माझ्या मते चार ठिकाणं विचारात घ्यावीत: म्हादई, मोले, नेत्रावळी आणि काणकोणातलं खोतीगाव. म्हादई आणि नेत्रावळी दोन्ही १९९९ मध्ये जाहीर झाली, प्रत्येकी दोनशे चौरस किलोमीटरच्या थोडी वर. खोतीगाव त्यांच्या निम्म्याहूनही लहान आहे, पण आखलेल्या पायवाटा आणि मचाण असल्यामुळे वयस्क माणसांसोबत जायला मला तेच बरं वाटतं. तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळाकडूनही एक वाट रानात जाते, सुट्टीच्या दिवशी मात्र तिकडे गर्दी असते.

अभयारण्यात शिरायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते. नावं, फोन, गाडीचा नंबर, वाट, वेळ लिहून आठ-दहा दिवस आधी द्या. एकदा मला एका कार्यालयात तीन फेऱ्या घालाव्या लागल्या, रागही आला. पण कागद हातात असला की वाटेत वनरक्षक भेटल्यावर तो आपला सोबती होतो, पुढं गवे कुठं आहेत तेही सांगतो. ड्रोन घरी ठेवा.

देवराया हा वेगळा विषय आहे. मळोलीजवळची निरंकाराची राय बघायला बरेच अभ्यासक येतात, कारण तिथं रानजायफळांची दलदल आहे. पाणथळ मातीत श्वास घेण्यासाठी त्या झाडांची मुळं गुडघ्यासारखी वर येतात. लोक त्यांच्यावर पाय देऊन पलीकडे उडी मारतात, ते मला बघवत नाही. पायाखालची माती दाबली गेली की ती मुळं गुदमरतात. आणि राय ही वनखात्याच्या आधी गावची आणि देवाची आहे. गावच्या माणसाशिवाय शिरू नका. चपला कुठं काढायच्या, कोणत्या पाण्याला हात लावायचा नाही, बायकांनी कुठवर जायचं, हे तो सांगेल. मला स्वतःला यातले काही नियम पटत नाहीत. तरी मी ते पाळते, कारण ती राय आजवर त्याच लोकांनी कुऱ्हाडीपासून राखली.

वाटाड्या

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

वाटाड्या त्याच गावचा असावा. शहरातून गट घेऊन येणारा माणूस कितीही हुशार असला तरी कालचा पाऊस कुठं पडला, कोणत्या काजूच्या बागेत काल रात्री गवेरेडे उतरले, हे त्याला माहीत नसतं. आमच्या काकांना ते सकाळी दुधाच्या डेअरीवर कळतं. वनखात्याला विचारलं तर गावातली माणसं सुचवतात. पहिल्या फोनवर त्यांना तीन गोष्टी विचारा: तुम्ही किती माणसं नेता, पक्षी बोलवायला मोबाइलवर आवाज लावता का, आणि साप दिसला तर काय करता. "कितीही आणा, सगळं दाखवतो" असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. पक्ष्याचा आवाज लावणं वरवर निरुपद्रवी वाटतं. पण खरा नर तो ऐकून आपल्या जागेत दुसरा कुणी घुसला म्हणून घरटं सोडून भांडायला येतो. तेवढा वेळ त्याचं घरटं उघडं पडतं.

पैसे आधी ठरवा आणि थेट त्यांच्या हातात द्या. पाऊस लागून बेत रद्द झाला तरी ठरलेले सगळे द्या, कारण तो दिवस त्यांनी दुसऱ्या कामातून काढलेला असतो. आणि प्राणी दिसला म्हणून वर बक्षीस देऊ नका. हे मी हात जोडून सांगते. मागं एका पाहुण्यांनी चापडा दाखवल्याबद्दल खुशीनं पाचशेची नोट काढली. पुढच्या वेळी त्याच तरुण मुलानं झुडपात काठी घालून साप हलवून दाखवला. मुलगा वाईट नव्हता. आम्हीच त्याला शिकवलं होतं की साप दिसला की पैसे मिळतात. बक्षीस द्यायचंच असेल तर "आज इथून परत फिरूया" म्हणणाऱ्याला द्या. काकांनी मला असं चार-पाच वेळा फिरवलंय. वाटेवर ताजं शेण बघून ते थांबतात, वास घेतात आणि म्हणतात, "फुडें वचूं नाका." त्यावर वाद घालायचा नसतो.

सोबत काय न्यायचं

मातकट किंवा हिरवे कपडे, घोट्यापर्यंतचे बूट, पावसाळ्यात जळूमोजे. जळू चिकटली तर मीठ किंवा तंबाखू टाकू नका; ती ओकते आणि ती घाण जखमेत जाते. नखानं तिचं तोंड सरकवलं की सुटते. दोन लिटर पाणी, पाण्याची बाटली घरची. बॅटरीला लाल सेलोफेन लावा. सुगंधी तेल, अत्तर नको. ओडोमॉस चालेल, पण ते लावलेल्या हातानं बेडकाला, डबक्याला स्पर्श करू नका, कारण बेडकांची कातडी सगळं आत शोषते. खरं तर कोरड्या हातानंही त्यांना उचलू नये.

बूट आदल्या दिवशी घासून, धुऊन, कडकडीत वाळवा. हे लोकांना विचित्र वाटतं. बेडकांच्या कातडीला होणारा एक बुरशीचा रोग ओल्या चिखलातून पसरतो आणि जगात कितीतरी जाती त्यानं संपवल्या आहेत. आंबोलीचा चिखल बुटाला लावून म्हादईत येऊ नका, इतकीच विनंती.

रानात मोबाइलला रेंज मिळत नाही. घरी एका कागदावर वाट, सोबतच्यांची नावं, परतायची वेळ लिहून ठेवा आणि त्या वेळेनंतर दोन तास फोन आला नाही तर कुणाला कळवायचं तेही. सर्पदंश झाला तर चिरा देणं, आवळून बांधणं काही नाही. तो पाय हलू न देता माणसाला उचलून गाडीपर्यंत आणा, रेंज आली की १०८, आणि थेट सरकारी इस्पितळ.

रानात

बेडकांसाठीची रात्रीची फेरी सोडली तर उजाडल्यावर शिरा, चारपर्यंत बाहेर पडा. पहाटे आणि तिन्हीसांजेला अस्वलं आणि गवे वाटांवर असतात. ती त्यांची वेळ. चोर्ला घाटातून पावसाळी रात्री गाडी हाकणं शक्यतो टाळाच. रस्त्यावर बेडूक आणि साप इतके येतात की सकाळी डांबरावर चपटलेले दिसतात.

गवा दिसला तर थांबा. एकटा नर असेल तर जास्तच सावध. तो मान वर करून बघतो, नाकातून फूत्कार टाकतो. म्हणजे आपण आधीच फार जवळ आलो आहोत. वळून पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागं सरकायचं.

साप बघताना त्याच्या लांबीच्या तिप्पट तरी अंतर ठेवा. मलबारी चापडा एकाच फांदीवर दिवसेंदिवस बसून राहतो, भक्ष्य खालून जायची वाट बघत. त्याच्या ह्याच सवयीमुळं त्याचं नुकसान होतं. एकानं ठिकाणासकट फोटो टाकला की रविवारी पंधरा कॅमेरे तिथं हजर होतात. म्हणून फोटो टाकताना फक्त "सत्तरी, गोवा" लिहा. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद करणार असाल तर ठिकाण धूसर ठेवायची सोय तिथं आहे, ती वापरा. फोटोतल्या फाइलमध्येही जीपीएस असतो, तो बंद करून शिरा.

बेडकांसाठी माझा नियम एका प्राण्याला दोन मिनिटं, फ्लॅश नाही. नर ओरडायचा थांबला की बत्ती विझवून सरकायचं. पावसाळ्यात अंधाऱ्या वाटेवर कुजलेल्या काटक्या कधी कधी हिरवट चमकतात. ती अळंबीची बुरशी असते. एकदा एका ताईंनी तशी काटकी मुलीला दाखवायला डब्यात भरली. मी ती परत ठेवायला लावली, त्यांना वाईट वाटलं. मग आम्ही सगळ्या बत्त्या विझवून तिथंच दहा मिनिटं बसलो. पुढच्या खेपेला त्या मुलीलाच घेऊन आल्या.

आणि धनेशाचं घरटं. आता मी तिथं कुणाला नेलं तर ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, झुडपांमागं, तिघांनाच. वीस मिनिटं. नर येऊन समोर बसला आणि पाच मिनिटांत ढोलीकडे गेला नाही, तर वेळ बाकी असली तरी आम्ही उठतो.

परतल्यावर

जेवण गावातच घ्या, आदल्या दिवशी सांगून. काकांच्या घरी काकी नाचणीची भाकरी, आळसांद्याचं तोणाक आणि पावसाळ्यात तायकिळ्याची भाजी करतात. त्याचे पैसे काकींच्या हातात द्या, काकांच्या नव्हे. परतीच्या वाटेवर कुठल्या हॉटेलात कुणी हळू आवाजात "जंपिंग चिकन" विचारलं तर तो बेडूक आहे हे लक्षात ठेवा. पावसाच्या पहिल्या रात्री अंडी घालायला बाहेर आलेला, कायद्यानं संरक्षण दिलेला. आपण रानात ज्याच्यासाठी बत्ती विझवली त्याचाच भाऊबंद.

तारीख घ्यायची असेल तर चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर वाटाड्याला फोन करा. कापणी कधी संपते ते विचारा आणि त्यानंतरचा दिवस मागा. फोन संध्याकाळी सातच्या पुढं करा. त्याआधी ते गुरांकडे असतात.